जपानी रॅपर्स : कोणाला ऐकावं आणि कुठून सुरुवात करावी?

शेवटची_लोकल

मंडळी, क्रीपी नट्सचं 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न' २०२४च्या जानेवारीत आलं आणि त्यावरच्या नाचाच्या रील्समुळे इथल्या बहुतेकांच्या कानावरून गेलंच असेल. 'मॅशल' या ॲनिमेच्या दुसऱ्या पर्वाचं ते शीर्षकगीत. लोक नाचून मोकळे झाले, मी मात्र गाणाऱ्याच्या मागे लागलो. आर-शितेई त्याचं नाव, ओसाकाकडचा. 'अल्टिमेट एमसी बॅटल' ही देशपातळीवरची स्पर्धा त्याने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीनदा मारली आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, ठेक्यावर आयत्या वेळी रचायचं आणि यमकांनी समोरच्याची बोलती बंद करायची, असा तो प्रकार. त्याचा जोडीदार डीजे मात्सुनागा हा डीएमसी या डीजेंच्या जागतिक स्पर्धेचा २०१९चा जगज्जेता. म्हणजे ज्यांना आपण 'ॲनिमेच्या गाण्यातले ते दोघं' म्हणून सोडून देतो, ते आपापल्या कलेत पार वरच्या पायरीवर बसलेले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जपानी रॅपला ॲनिमेचं शेपूट समजणं हा त्या लोकांवर अन्याय आहे. चाळीसेक वर्षांची परंपरा आहे ती, तिच्यात भांडणं आहेत, घराणी आहेत, गावागावांचे वेगळे सूर आहेत. मला अजून थोडंच ऐकायला मिळालंय. तुम्ही कोणाला ऐकता? नुसती नावं नकोत, का ऐकता तेही लिहा.

रात्रपाळी

नुजाबेस! चर्चा संपली. :)

बरं, का ते लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो. नुजाबेस रॅपर नव्हता, संगीत रचणारा होता. 'सामुराई चाम्प्लू' या २००४च्या मालिकेमुळे जगभर पोचला. २०१०च्या फेब्रुवारीत टोकियोत रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याच्या ठेक्यांवर सगळ्यात शोभून दिसणारा आवाज शिंगो-टूचा. त्या मालिकेचं सुरुवातीचं 'बॅटलक्राय' त्याचंच. पण खरं ऐकायचं ते या दोघांचं 'लव्ह सिक'. एकाच नावाचे सहा भाग आहेत, पहिला २००१चा. शेवटचे भाग नुजाबेस गेल्यावर पुरे झाले. रात्री दोननंतर मॉनिटरवर सगळे दिवे हिरवे असतात तेव्हा मी तिसरा भाग लावतो.

कानसेन

धागा चांगला आहे, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. रॅप म्हणजे शब्द. चाल नाही, आलाप नाही, जे आहे ते बोलण्यात. मग जपानी न येणाऱ्या माणसाने जपानी रॅप ऐकायचा म्हणजे नेमकं काय ऐकायचं? आणि दुसरं, टोप्या, साखळ्या, हातवारे सगळं अमेरिकेचं. स्वतःचं काय आहे त्यात?

वऱ्हाडी_ठेचा

कानसेन भाऊ, तराना ऐकता ना? त्यात कोणते शब्द समजतात?

कानसेन

@वऱ्हाडी_ठेचा, तराना मुळातच अर्थासाठी रचलेला नसतो. तिथे बोल हेच लयीचं साधन. रॅपर काहीतरी सांगायला उभा राहिलेला असतो. ते मला कळत नसेल तर मी त्याचं निम्मंच ऐकतोय.

पुणेरी_कांजी

कानसेन, शंका रास्त आहे. मी पुण्यात जपानी शिकवते, तर पहिल्या भागाचं उत्तर मी देते.

जपानी वाक्य मराठीसारखंच क्रियापदावर संपतं. आपल्याकडे प्रत्येक ओळ 'आहे', 'होते', 'गेला'वर संपवली तर यमक फुकटात जुळतं आणि कानाला मुळीच सुख देत नाही. जपानीत तीच अडचण: 'देसु', 'मासु', 'दा'. त्यामुळे ऐंशीच्या दशकात या भाषेत रॅप होणारच नाही असं म्हणणारे बरेच होते. त्यातून वाट काढणाऱ्यांत किंग गिड्राचं नाव फार मोठं आहे. के डब शाइन, झीब्रा आणि डीजे ओॲसिस हे तिघं. १९९५च्या 'सोरा कारा नो चिकारा' या अल्बममध्ये त्यांनी ओळी क्रियापदावर न संपवता नामावर तोडल्या, वाक्यं उलटी केली आणि यमक शेवटच्या अक्षराऐवजी सगळ्या स्वरांवर बांधलं.

वर्गात मी हे असं दाखवते. फळ्यावर तीन शब्द: कोकोरो (मन), ओतोको (पुरुष), तोकोरो (जागा). व्यंजनं वेगवेगळी, पण तिन्हींचे स्वर ओ-ओ-ओ. दुसरी रांग: आतामा (डोकं), कारादा (शरीर), साकाना (मासा). स्वर आ-आ-आ. जपानीत स्वर पाचच, त्यामुळे असे शब्द ढिगाने सापडतात. कसब आहे ते चार-पाच-सहा स्वरांची अख्खी साखळी पुढच्या ओळीत तशीच्या तशी उतरवण्यात, आणि तरी वाक्याचा अर्थ टिकवण्यात. आर-शितेई हे आयत्या वेळी करतो, म्हणून तो आर-शितेई. हे ऐकायला अर्थ लागत नाही, कान लागतो. तुमचा कान तर तयार आहे.

शेवटची_लोकल

@पुणेरी_कांजी, ताई, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. आत्ताच पुन्हा ऐकलं, ओळीच्या शेवटाऐवजी पोटातले स्वर पकडत. वेगळंच गाणं वाटलं.

तामाकाठचा

मी कावासाकीत राहतो, नोकरीला रोज नदी ओलांडून टोकियोत जातो. कानसेनांच्या दुसऱ्या प्रश्नावर, 'स्वतःचं काय', मला लिहायचं आहे, आणि इथल्याच पोरांपासून सुरुवात करतो.

आमच्या शहराचा दक्षिण भाग म्हणजे कारखाने. तेलशुद्धीकरण, पोलाद, रसायनं. रात्री गाडीतून जाताना चिमण्यांच्या टोकाला ज्वाळा दिसतात. या कामांसाठी कोरियातून, ओकिनावातून माणसं आली आणि त्यांच्या वस्त्या तिथेच राहिल्या. त्या भागातून बॅड हॉप निघाले. आठ जणांची टोळी, त्यांत टी-पाब्लो आणि वायझर हे जुळे भाऊ. २०१२ साली टीव्हीवर शाळकरी मुलांची रॅप स्पर्धा सुरू झाली, तिचं पहिलं पर्व टी-पाब्लोने जिंकलं आणि बॅटल हा प्रकार जपानमधल्या घराघरांत पोचायला तिथून वेग आला. त्यांची गाणी अमेरिकन ट्रॅपच्या ठेक्यावरच आहेत, ते कोणी नाकारत नाही. पण त्यातले रस्ते, कर्ज, पोलीस, घरातली भांडणं इथली आहेत. 'कावासाकी ड्रिफ्ट' लावा आणि ऐका.

२०२०च्या मार्चमध्ये योकोहामा अरेनात त्यांचा मोठा कार्यक्रम ठरला होता आणि कोरोना आला. त्यांनी रद्द न करता रिकाम्या सभागृहात पूर्ण कार्यक्रम केला, इंटरनेटवर फुकट दाखवला आणि दहा कोटी येनच्या घरातलं कर्ज अंगावर घेतलं. लोकांनी वर्गणी काढून हात दिला. मग १९ फेब्रुवारी २०२४ला टोकियो डोममध्ये कार्यक्रम करून त्याच रात्री गट विसर्जित केला. जपानी हिपहॉपवाल्यांचा डोममधला तो पहिलाच स्वतंत्र कार्यक्रम. तिथे एरवी बेसबॉल चालतो. नोकरीवर आमच्या कंपनीच्या गोदामातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी घसा पूर्ण बसलेला आला होता, कोणी काही विचारलं नाही, सगळ्यांना कारण माहीत होतं.

वऱ्हाडी_ठेचा

हे वाचून मजा आली. आमच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे '१०० आरबीएच', मराठीत रॅप करतो तेव्हा पुण्या-मुंबईच्या भाषेची पर्वा करत नाही. म्हणून विचारतो, जपानमध्ये सगळे टोकियोच्या प्रमाण भाषेतच गातात का? बोलीत रॅप करणारे आहेत का कोणी?

तामाकाठचा

@वऱ्हाडी_ठेचा, आहेत की! आणि तेच माझे लाडके.

नागोयाचा टोकोना-एक्स. तोकोनामे गावावरून नाव घेतलेलं. नागोयाच्या बोलीत, जड आवाजात, समोरच्याची कॉलर धरल्यासारखा. २००४ मध्ये 'तोकाई तेइओ' हा अल्बम आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो वयाच्या २६व्या वर्षी गेला. आजही नागोयाचा कोणताही रॅपर मंचावर आला की त्याचं नाव निघतं.

ओसाकाचा शिंगो निशिनारी. निशिनारी हा तिथला वॉर्ड. रोजंदारीवरच्या मजुरांची कामागासाकी वस्ती त्यातच येते. त्याने आडनावाच्या जागी वॉर्डाचं नाव लावलंय. ओसाकाची बोली मुळात हसरी, त्यामुळे तो भुकेबद्दल गातो तेव्हाही माणसं हसतात आणि मग गप्प होतात.

साप्पोरोचा इल-बॉस्टिनो, 'था ब्लू हर्ब' या गटाचा. १९९७ मध्ये होक्काइडोत बसून त्यांनी सुरुवात केली, स्वतःचीच कंपनी काढली आणि टोकियोवाल्यांना सरळ आव्हान दिलं की रॅपचं केंद्र तुमच्याकडे आहे हे कोणी ठरवलं. तो रॅप कमी करतो, बोलतो जास्त. लांबलचक, थंड, एकेक वाक्य ठेवत. त्याच्यासाठी मात्र अर्थ लागतो, इथे कानसेनांचं म्हणणं खरं आहे.

आणि यामानाशीचा देंगार्यू. द्राक्षं-पीचच्या बागांचा मुलूख. २०११च्या 'सौदादे' या चित्रपटात त्याने बांधकामावर काम करणाऱ्या रॅपरची भूमिका केली आहे. मंदीतलं कोफू शहर, ब्राझीलहून आलेले कामगार, बंद पडलेली दुकानं. एव्हिसबीट्सच्या ठेक्यावर त्याने गायलेलं 'युरेरु' हे माझ्या मते जपानी रॅपमधलं सगळ्यात प्रेमळ गाणं आहे.

मृण्मयी_क

चार गावं झाली, पंधरा पुरुष झाले. बाई एकही नाही?

तामाकाठचा

@मृण्मयी_क, तुम्ही लिहाल याची खात्री होती. वाट बघतोय.

मृण्मयी_क

लिहितेच.

एविच. नाहाची, म्हणजे ओकिनावाची. १९व्या वर्षी अटलांटाला गेली, तिथे लग्न केलं, मुलगी झाली, आणि नवऱ्याचा खून झाला. मुलीला घेऊन ती ओकिनावाला परत आली. २०१७ मध्ये '८' हा अल्बम आला तेव्हा ती तिशीत होती, ज्या वयात जपानच्या संगीत व्यवसायात बाईला 'आता उशीर झाला' असं सांगतात. २०२२च्या मार्चमध्ये ती टोकियोतल्या बुदोकान या मोठ्या सभागृहाच्या मंचावर एकटीच्या नावावर उभी राहिली. त्याच महिन्यातलं 'क्वीनडम' ऐका. त्यात ही सगळी हकिगत ती क्रमाने सांगते, आवाज कुठेही रडवेला होऊ न देता. ओकिनावा १९७२पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं, त्यांचे लष्करी तळ अजून आहेत. त्यामुळे तिच्या तोंडी इंग्रजी येतं ते शोभेसाठी नाही, ती तिच्या अंगणातली भाषा आहे. मधूनच ओकिनावाचे स्थानिक शब्दही येतात. तिची मुलगी योमी जाह या नावाने तिच्याबरोबर गायली आहे.

आपल्या बाजूचा धागाही आहे. २०२४च्या 'एशियन स्टेट ऑफ माइंड'मध्ये एविचबरोबर कोरियाचा जे पार्क, चीनचा मासीवेई, कंबोडियाचा वान्डा आणि दिल्लीचा कृष्णा आहे. एका गाण्यात पाच देश, आणि कोणीही कोणासाठी भाषा बदलत नाही.

दुसरी चानमीना. आई कोरियन, वडील जपानी. दिसण्यावरून तिला जे ऐकून घ्यावं लागलं त्यावर 'बिजिन' (सुंदर स्त्री) नावाचं गाणं केलं. ते मी माझ्या भाचीला मुद्दाम ऐकवलं. तिसरी नेने. आणि या पिढीच्या आधीची कोमा-ची, जिने 'बी-गर्लइझम' गाऊन सांगितलं की या खेळात आम्हीही आहोत. एविचच्या 'बॅड बिच बिगाकू'च्या रीमिक्समध्ये तर सहा बायका एकापाठोपाठ येतात, त्यांतली एक, युरियान रिट्रीव्हर, व्यवसायाने विनोदी कलाकार आहे. आणि ती कुठेही कमी पडत नाही.

रात्रपाळी

+१. एविचचं बुदोकानचं चित्रण सापडलं तर सोडू नका.

केतकी_मावशी

मी इथे वाचकच असते, पण आज विचारते. माझा मुलगा नववीत आहे. दिवसभर ते 'ब्लिंग-बँग' आणि आता 'ओतोनोके' म्हणत घरभर फिरतो. शब्द काय आहेत? काही भलतंसलतं नाही ना? रॅप म्हटलं की शिव्याच आठवतात.

पुणेरी_कांजी

@केतकी_मावशी, निश्चिंत राहा. पहिल्यात स्वतःच्या कसबाची बढाई आहे, 'मी जसा आहे तसाच भारी आहे' या चालीची. 'ओतोनोके' हे 'दानदादान' ॲनिमेसाठी केलेलं, भुताखेतांच्या कल्पनांवर खेळलेलं. दोन्हींत काही वावगं नाही. उलट एवढ्या वेगात तो शब्द चुकत नसेल तर जिभेला उत्तम व्यायाम आहे, जपानी शिकवायला घाला! :)

सगळेच असे नाहीत, हेही सांगते. सैतामाचे नामेदारुमा ऐकायला सुरेल, पण विषय गांजा. तिकडे कायदा फार कडक आहे, आणि त्यांच्या गाण्यांत तुरुंगही येतो. नववीतल्या मुलाला ते नको.

केतकी_मावशी

धन्यवाद ताई. क्लासचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, खरंच.

सावंतवाडीचा_शंभू

फास्ट अँड फ्युरियसच्या 'टोकियो ड्रिफ्ट'वाल्या टेरियाकी बॉइजना कोणी आठवलंच नाही! २००६ साली आमच्या इथे एकाच मुलाकडे सबवूफरवाली गाडी होती आणि एकच गाणं होतं.

तामाकाठचा

@सावंतवाडीचा_शंभू, आणि त्या पाच जणांचा इतिहास तुला आवडेल. इल्मारी आणि र्यो-झी 'रिप स्लाइम'चे, व्हर्बल 'एम-फ्लो'चा, वाइज, आणि निगो, म्हणजे 'अ बेदिंग एप' या कपड्यांच्या ब्रँडचा जनक. म्हणजे ते गाणं सोडून रिप स्लाइमकडे गेलास तर २०००च्या आसपासचा सगळा हसता-खेळता जपानी रॅप उघडतो. किक द कॅन क्रू, त्यातला क्रेव्हा. क्रेव्हाही कच्चा नव्हे बरं का. बी-बॉय पार्कची बॅटल १९९९, २०००, २००१ अशी लागोपाठ तीनदा जिंकलेला माणूस आहे तो.

अवांतर: इथल्या छोट्या क्लबमध्ये कार्यक्रमाला गेलात तर तिकिटाशिवाय दारात ५००-६०० येन वेगळे द्यावे लागतात, त्याचं एक पेय मिळतं. ते चुकत नाही. पाठपिशवी खणात ठेवा. दोन गाण्यांच्या मध्ये रॅपर बोलतो तेव्हा सगळं सभागृह गप्प असतं, भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला ती शांतता अवघडच वाटते. आणि ठेका पडला की तीच माणसं एका क्षणात उसळतात.

कानसेन

दोन दिवस वाचतोय आणि ऐकतोय. पुणेरी_कांजी यांनी सांगितलेली स्वरांची साखळी आर-शितेईत स्पष्ट ऐकू येते, ती कारागिरी मान्य. पण मला ते सगळे फार भरगच्च वाटतात. एवढे शब्द, एवढं यमक, श्वासाला जागाच नाही. जागा सोडणारा कोणी आहे का?

रात्रपाळी

@कानसेन, कोह. डोळे मिटून कोह.

टोकियोच्या ओजी भागात सरकारी वसाहतीत वाढला. २०१४ मध्ये 'बिंबो नान्ते कि नी शिनाई' केलं, गरिबीची फिकीर नाही अशा अर्थाचं. शब्द पहिली-दुसरीतल्या मुलाला कळतील इतके सोपे. तीच ओळ परत, परत, थोडी पुढे सरकवून परत. मध्ये भरपूर मोकळी जागा. २०१५ मध्ये कोरियाच्या कीथ एपच्या 'इत जी मा'मध्ये आला आणि बाहेरच्यांना कळला. फ्रँक ओशनच्या 'नाइकीज'च्या एका आवृत्तीत त्याचं जपानी कडवं आहे. २०२१च्या शेवटी त्याने कोह हे नाव बंद केलं आणि काही काळाने स्वतःच्या नावाने, चिबा युकी म्हणून परत आला. २०२४ मध्ये मेगन दी स्टॅलियनचं 'मामुशी' जगभर वाजलं, त्यातला जपानी आवाज तोच.

पुणेरी_कांजी

इथे माझा मतभेद. कोहचं व्यक्तिमत्त्व मोठं आहे, पण ज्या गोष्टीसाठी १९९५पासून लोकांनी घाम गाळला ती त्याने बाजूला सारली. यमक जमलं तर जमलं. त्याच्यामागून आलेल्या अनेकांनी तेवढंच उचललं, आणि त्याच्यासारखं सांगण्यासारखं आयुष्य प्रत्येकाकडे नव्हतं.

रात्रपाळी

ताई, अनुकरण करणाऱ्यांचं माप त्याच्या पदरात का? त्याने रॅप अशा मुलांपर्यंत नेला ज्यांना अवघड कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, वाचता येत नव्हत्या. साधं बोलणं ठेक्यात नेमकं टाकणं यालाही कान लागतोच.

मृण्मयी_क

दोघांच्या मध्ये मी झॉर्नला ठेवते. टोकियोच्या कात्सुशिका भागातला. यमकांचा इतका पक्का की आर-शितेईच्या चाहत्यांनाही पटतो, आणि विषय? कपडे वाळत घालणं हासुद्धा हिपहॉप आहे, असं म्हणणारा त्याचा 'माय लाइफ' ऐका. मुली, बायको, घर. दंडावर गोंदण आणि हातात ओले कपडे. मला त्याच्यामुळे नवऱ्याला या संगीताकडे वळवता आलं. ;)

कानसेन

कोह ऐकला. हे माझ्या जातीचं आहे. पुणेरी_कांजींची तक्रार समजते, पण मला ती पोकळी हवी होती. झॉर्न आज रात्री.

आणि अनुकरणाबद्दल मी जे विचारलं होतं, त्यावर अजून कोणीतरी सविस्तर लिहावं. बॅड हॉपचं उदाहरण पटलं, पण तो २०१२ नंतरचा काळ. आधीचे लोक या प्रश्नाशी कसे वागले?

तामाकाठचा

@कानसेन, ते आपसांत कडाडून भांडले. थोडक्यात सांगतो.

१९८३ मध्ये 'वाइल्ड स्टाइल' हा न्यूयॉर्कच्या हिपहॉपवरचा चित्रपट टोकियोत लागला. तो बघून डीजे क्रशसारखी माणसं हाराजुकुच्या वाहनबंद रस्त्यावर आणि योयोगी बागेशी जमायला लागली. पुढे स्चा दारा पार आले, हलकेफुलके, गप्पिष्ट. ओझावा केंजीबरोबरचं त्यांचं १९९४चं 'कोन्या वा बुगी बॅक' अजून लोक गुणगुणतात. त्याच वर्षी ईस्ट एंड आणि युरीचं 'दा यो ने' आलं, दहा लाखांवर खपलं. तेव्हा बाजारू संगीतापासून दूर असलेली 'अंडरग्राउंड' मंडळी खवळली की हे गोड रॅप म्हणजे रॅप नव्हे.

त्यातून ७ जुलै १९९६ला हिबियाच्या खुल्या रंगमंचावर 'सानपिन कॅम्प' हा हिपहॉपचा कार्यक्रम झाला. भर पावसात. त्यामागे उभा होता रॅपर ईसीडी, तेव्हा छत्तिशीतला. त्याने मंचावरून जाहीर केलं की 'जे-रॅप', म्हणजे हाच गोड रॅप, मेला आणि तो मी मारला. राइमस्टर, बुद्धा ब्रँड, मुरो, सगळे त्या दिवशी होते. बुद्धा ब्रँड तर न्यूयॉर्कमध्येच जमलेला गट, त्यांचं 'निंगेन हात्सुदेन्शो' त्याच वर्षीचं. हाच ईसीडी २०११ नंतर अणुऊर्जेविरुद्धच्या मोर्चांत रस्त्यावर दिसत राहिला. २०१८च्या जानेवारीत गेला.

राइमस्टरबद्दल दोन शब्द जास्त. वासेदा विद्यापीठात १९८९ मध्ये जमलेला गट. उतामारू आणि ममी-डी हे दोन रॅपर, डीजे जिन. १९९८चं 'बी-बॉयइझम' म्हणजे या लोकांचं जवळजवळ राष्ट्रगीत. उतामारू पुढे रेडिओवर चित्रपट समीक्षक म्हणून इतका गाजला की बऱ्याच तरुणांना तो रॅपर आहे हे नंतर कळतं. आम्ही काळे नाही, हिपहॉप जिथे जन्मला त्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचे नाही, मग हे आम्ही का करतो, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही, गाण्यांतूनच त्यावर बोलत राहिले.

आणि आज हाच प्रश्न उलट्या बाजूनेही विचारला जातो. मोमेंट जून हा सोलचा मुलगा, ओसाकाला शिकायला आला आणि जपानीत रॅप करू लागला. २०२०चा त्याचा 'पासपोर्ट अँड गार्सों' म्हणजे व्हिसाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा जपान. मी स्वतः इथे परकाच आहे, त्यामुळे तो अल्बम मला एका बैठकीत ऐकवत नाही, मध्ये थांबावं लागतं. जपानी रॅप म्हणजे जपानी माणसाचा की जपानी भाषेतला, हे त्याने विचारलं. क्योतोचा दाइची यामामोतो, आई जमैकाची, तोही त्याच दारावर उभा आहे, फक्त त्याचा सूर जास्त मऊ आहे.

कानसेन

@तामाकाठचा, मनापासून आभार. याच उत्तरासाठी थांबलो होतो.

शेवटची_लोकल

धागा माझ्या अपेक्षेच्या कितीतरी पुढे गेला. आता मूळ प्रश्नाकडे. बदलापूर ते सीएसएमटी मला रोज भरपूर वेळ मिळतो. वरचं सगळं यादीत टाकलं आहे, पण क्रम लावून द्या.

पुणेरी_कांजी

माझा क्रम: आधी राइमस्टर, मग किंग गिड्रा, मग आर-शितेईच्या बॅटल्स (यूट्यूबवर आहेत), शेवटी झॉर्न. कारागिरी कशी वाढत गेली ते कळेल.

मृण्मयी_क

इतिहासाने सुरुवात केली की माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा जुनी हिंदी गाणी लावतो. एविच आधी. 'क्वीनडम' एका बैठकीत, शब्दांचं भाषांतर समोर ठेवून.

वऱ्हाडी_ठेचा

टोकोना-एक्स. बाकी मले काही माहीत नाही. काल रात्रीपासून तोच सुरू आहे.

शेवटची_लोकल

पुणेरी_कांजींच्या जवळपास जातोय, पण आज सकाळी शोधता शोधता लॅम्प आयचं 'शोगेन' सापडलं आणि तिथेच अडकलो. सात जण आहेत म्हणे त्यात. कोणाचा आवाज कोणता हे कोणी सांगेल का?

तामाकाठचा

@शेवटची_लोकल, अडकायला याहून चांगली जागा नाही. १९९६चं गाणं आहे. 'शोगेन' म्हणजे साक्ष, आणि साक्षीदार एकेक करून पुढे येतात तशी रचना. क्रम असा: रिनो, यू द रॉक, जी. के. मार्यान, झीब्रा, ट्विगी, गामा आणि डेव्ह लार्ज. रिनो सुरुवातीलाच तुटून पडतो. चौथ्याला घोगरा आवाज आला की तो झीब्रा, किंग गिड्राचा. पाचवा ट्विगी सगळ्यांत वेगळा ऐकू येईल, बारीक आवाज, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारा. मुरोबरोबर 'मायक्रोफोन पेजर'मध्ये होता तो. शेवटचा डेव्ह लार्ज बुद्धा ब्रँडचा, २०१५ मध्ये गेला. त्याचं कडवं आवडलं तर कल्याण यायच्या आत 'निंगेन हात्सुदेन्शो' लाव.